शिवण लपवायची की मिरवायची? ड्रॅग आणि क्वीअर सिनेमा समजून घेताना

कॉलेजच्या गॅदरिंगला एक आयटम हमखास असतो. दोन-तीन धटिंगण मुलं आईच्या नाहीतर बहिणीच्या साड्या गुंडाळून स्टेजवर येतात, पदर दातात धरतात, पायातले स्पोर्ट्स शूज मुद्दाम दिसू देतात आणि एखाद्या लावणीवर धुडगूस घालतात. पोरं हॉल डोक्यावर घेतात. प्राचार्यसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसतात. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

आता त्याच स्टेजवर असा एक मुलगा येऊ द्या, ज्याने नऊवारी नीट नेसली आहे, काष्टा चोख बसला आहे, आणि जो नाचतोही सुरेख. मान, डोळे, ठेका, सगळं जिथल्या तिथे. पहिल्या कडव्याला शिट्ट्या पडतात. दुसऱ्या कडव्यात हसू विरायला लागतं. तिसऱ्यापर्यंत हॉलमध्ये एक अवघडलेली शांतता पसरते आणि मागच्या रांगेतून कुणीतरी एक घाणेरडा शब्द फेकतो. साडी तीच, गाणं तेच. फरक एवढाच, की आधीच्या मुलांनी ‘आम्ही चेष्टा करतोय बरं का’ अशी पावती सुरुवातीलाच फाडून दिली होती. याने ती दिली नाही.

ड्रॅग नावाची कला त्या पावतीशी खेळते. कधी ती देते, कधी देता देता हात मागे घेते. क्वीअर सिनेमाचाही या पावतीशी संबंध आहे, पण तिकडे जायला थोडा वळसा पडेल.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. ड्रॅग म्हणजे बाईपण किंवा पुरुषपण जाणूनबुजून, सजवून, बहुतेक वेळा फुगवून रंगमंचावर सादर करणं. पुरुषाने उभं केलेलं स्त्रीरूप म्हणजे ड्रॅग क्वीन, बाईने उभं केलेलं पुरुषरूप म्हणजे ड्रॅग किंग. पण हे झालं ढोबळ वर्गीकरण. आज बायकाही क्वीन होतात, आणि दाढीवर चमकी लावून घागरा घालणारेही असतात. कलाकार या रूपाला स्वतंत्र नाव देतो, त्याचा स्वभाव ठरवतो, त्याची भाषा घडवतो. बंगळुरूचे अलेक्स मॅथ्यू स्टेजवर ‘माया’ होतात. मुंबईच्या सुशांत दिवगीकरांनी घडवलेली ‘रानी कोहेनूर’ नावातच कोटी करते: कोहिनूर हिऱ्याच्या पोटात इंग्रजीतला ‘ही’, म्हणजे ‘तो’, बसवलेला.

पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असणं, म्हणजे जन्माच्या वेळी लोकांनी ठरवलेल्या लिंगापेक्षा आपलं लिंग वेगळं असणं, ही वेगळी गोष्ट. ती व्यक्तीची ओळख आहे, चोवीस तासांची. पारलिंगी स्त्री साडी नेसते तेव्हा ती कुठलंही पात्र वठवत नसते, ती घरातून बाहेर पडायला तयार होत असते. हिजडा किंवा तृतीयपंथी हा तर गुरू-चेल्यांची परंपरा असलेला समाज आहे, त्यांचे स्वतःचे रीतिरिवाज आहेत. आणि ‘क्वीअर’? इंग्रजीत ही एकेकाळी शिवी होती. ज्यांना ती दिली जायची त्यांनीच ती उचलली आणि छातीवर लावून फिरायला सुरुवात केली. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी आणि ‘स्त्री-पुरुष’ या दोन खणांत न मावणारे सगळे जण आता त्या छत्रीखाली येतात. पारलिंगी माणूस ड्रॅग करू शकतो, समलिंगी माणसाला ड्रॅगमध्ये काडीचा रस नसू शकतो, आणि एखादा संसारी गृहस्थही उत्तम ड्रॅग करू शकतो. वर्तुळं एकमेकांत शिरतात, पण एक नाहीत.

मावशी, स्त्रीपार्टी, नाच्या

मराठी माणसाला ड्रॅग समजावताना न्यूयॉर्कपासून सुरुवात करायची गरज नाही. आपल्याकडे पुरुषाने बाई होण्याचे निदान तीन प्रकार होते, आणि तिघांचं काम वेगवेगळं होतं.

तमाशाच्या गवळणीत मावशी येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची म्होरकी. धोतराचा किंवा उपरण्याचा सोगा डोक्यावरून घेतला की झाला पदर. मिशी असली तरी चालते. मावशी पुरुष आहे हे प्रेक्षकाला ठाऊक, मावशीला ठाऊक, वाट अडवणाऱ्या कृष्णाला आणि पेंद्यालाही ठाऊक. सगळी गंमत त्या ठाऊक असण्यात आहे. मावशी जे चावट बोलते ते खऱ्या बाईच्या तोंडून गावाने ऐकून घेतलं नसतं, आणि साध्या पुरुषाच्या तोंडी त्याला धार आली नसती.

संगीत नाटकातली स्त्रीपार्टी याच्या थेट उलट. तिथे पुरुष आहे हे विसरायला लावणं हीच कामगिरी. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचा जन्म १८८८चा. १९०५मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत गेले, १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू. पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला, त्यांच्यासारखा केसांत गजरा माळायला शिकल्या. हे जरा थांबून वाचावं असं आहे. बाई कशी दिसावी, याचा धडा बायका एका पुरुषाकडून गिरवत होत्या.

आणि तिसरा नाच्या. तमाशातला, लचकत-मुरडत बोलणारा, ढोलकीच्या तालावर फडातल्या बाईशी सवाल-जवाब करणारा. हा ना धड मावशीसारखा उघड विनोद, ना बालगंधर्वांसारखी पूर्ण माया. मधल्यामध्ये लटकलेला. म्हणूनच सगळ्यात जास्त चिखल त्याच्या वाट्याला आला. मराठी तमाशापटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील प्रत्यक्षात संसारी गृहस्थ होते, पण लोक त्यांना रस्त्यावरही नाच्याच समजत राहिले.

माझं मत असं, की या तिघांमधला फरक नुसता कलेचा नाही. बालगंधर्वांना १९६४मध्ये पद्मभूषण मिळालं. नाच्याला शिव्या मिळाल्या. संगीत नाटक पांढरपेशांचं, पुढे खुर्च्या मांडलेल्या थिएटरातलं. तमाशा कोल्हाटी, महार, मांग अशा समाजांतल्या कलावंतांनी जत्रेच्या धुळीत जगवलेला. साडी नेसणारा पुरुष दोन्हीकडे होता. कुणाच्या साडीला ‘कला’ म्हणायचं आणि कुणाच्या साडीला ‘थेर’, हे जात आणि तिकिटाचा दर ठरवत होते.

बालगंधर्वांना क्वीअर म्हणायचं का, असं हल्ली कुणीतरी विचारतंच. मला तो प्रश्न फारसा उपयोगाचा वाटत नाही. त्यांच्या मनात काय होतं त्यावर आपण बोलू नये. प्रेक्षागृहात काय घडत होतं, ते मात्र बोलता येतं: हजारभर पुरुष एका पुरुषाकडे बघून विरघळत होते आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

इथे शिवणीचा मुद्दा येतो. कपडा शिवताना दोन तुकडे जिथे जोडले जातात ती शिवण आत लपवायची, हा शिंप्याचा नियम. बालगंधर्वांनी शिवण लपवली. मावशीने ती उघडी टाकली. ड्रॅग क्वीन ती लपवते, इतकी बेमालूम लपवते की तुमचा श्वास अडकतो, आणि मग ऐन रंगात कपडा उलटा करून दाखवते. रानी कोहेनूर २०१८च्या ‘सा रे ग म प’ या टीव्ही स्पर्धेत उतरली, तेव्हा एकाच गाण्यात एक ओळ बाईच्या आवाजात आणि पुढची पुरुषाच्या आवाजात अशी गायली. नटीचं सोंग एवढंच करायचं असतं, तर दुसरा आवाज दडवून ठेवला असता.

मेकअपमध्येही हेच. ड्रॅगची रंगभूषा दोन-तीन तास सहज खाते. भुवया आधी ग्लू स्टिकने चेपून सपाट करायच्या, त्यावर फाउंडेशनचा थर द्यायचा, आणि कपाळावर बोटभर वर नव्या भुवया काढायच्या. कमरेला फोमचे कापलेले तुकडे, त्यावर एकावर एक मोजे, वर कॉर्सेट. गालाची हाडं सावलीने कोरायची. रोजच्या बाईसारखं दिसणं हा हेतूच नाही. रोजच्या बाईलाही जे ‘बाईपण’ जमत नाही, ते वाढवून, ताणून, फुटायच्या बेताला आणून दाखवायचं. देवीच्या मुखवट्याचे डोळे माणसाच्या डोळ्यांएवढे नसतात, तसं काहीसं.

राणी, घराणं आणि ‘अस्सल दिसणं’

बालगंधर्व ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षी, एप्रिल १८८८मध्ये, अमेरिकेत वॉशिंग्टन शहरातल्या एका घरावर पोलिसांनी छापा घातला. आत कृष्णवर्णीय पुरुष रेशमी झगे घालून नाचत होते. यजमान होता विल्यम डॉर्सी स्वान. मेरीलँडमध्ये गुलामगिरीत जन्मलेला, आणि आता स्वतःला ‘ड्रॅगची राणी’ म्हणवणारा. काही जण खिडक्यांतून पळाले. स्वान पळाला नाही, पोलिसांशी झटापट करत राहिला. पुढे १८९६मध्ये ‘बेशिस्त घर’, म्हणजे कुंटणखाना, चालवल्याच्या आरोपाखाली त्याला दहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याने राष्ट्राध्यक्षांकडे माफीचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. तिकडे राणी तुरुंगात जात होती आणि पंधराएक वर्षांनी इकडे भामिनीच्या साडीची नक्कल घरोघर होणार होती.

स्वानच्या त्या मेजवान्यांसारखे नाच पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ‘बॉल’ म्हणून फोफावले. तिथेही गोऱ्यांचा पक्षपात होताच. १९६७च्या एका सौंदर्यस्पर्धेत क्रिस्टल लाबेजा ही कृष्णवर्णीय क्वीन परीक्षकांवर भर कॅमेऱ्यासमोर कडाडली, आणि १९७२मध्ये ‘हाउस ऑफ लाबेजा’ या नावाखाली कृष्णवर्णीय क्वीन्सनी स्वतःचे बॉल भरवायला सुरुवात केली. ‘हाउस’ला आपला ‘घराणं’ हा शब्द चपखल बसतो. घराण्याला एक आई असते. जन्मदात्या घरातून हाकललेली मुलं तिच्याकडे येतात, तिचं आडनाव लावतात, तिच्याकडे चालायला, सजायला, जगायला शिकतात. आपल्याकडच्या हिजड्यांच्या गुरू-चेला नात्याची आठवण होते. गायकीच्या घराण्याचीही होते, फक्त इथे गंडाबंधनाऐवजी कुणीतरी रात्री झोपायला जागा देतं.

या बॉलमध्ये स्पर्धेचे गट असत, आणि त्यातला सगळ्यात विलक्षण गट ‘रिअलनेस’चा, म्हणजे अस्सल दिसण्याचा. बँकेतला साहेब, कॉलेजचा विद्यार्थी, सैनिक, रस्त्यावरून जाणारी चारचौघींसारखी बाई. सूट घालून, ब्रीफकेस घेऊन एक गरीब मुलगा असा चालून जातो की तो कंपनीचा अधिकारी वाटावा. परीक्षक गुण देतात. विनोदी वाटतं, पण आत कळ आहे: संधी मिळाली असती तर हा अधिकारी झालाही असता, कारण अधिकारी दिसणं म्हणजे तरी काय? सूट, चाल आणि आवाजातला एक ठरलेला जोर.

अमेरिकन विचारवंत ज्युडिथ बटलर यांनी १९९०मध्ये मांडलेला आणि तेव्हापासून विद्यापीठांत घोळला जाणारा सिद्धान्त इथेच हाताला लागतो. मूळ लेखन अतिशय अवघड आहे. बटलरांच्या चाहत्यांनाही ते वाचताना घाम फुटतो. पण गाभा आपल्या घरातच सापडतो. ‘पाय जुळवून बस, मुलगी आहेस ना?’ ‘रडतोस काय बायकांसारखा?’ ‘एवढ्या मोठ्याने हसू नकोस.’ ‘पुरुषासारखा पुरुष आणि चहा कसला करतोस!’ दिवसाला पाच वेळा असं सांगत राहिलं की पंधरा वर्षांनी मुलगी पाय जुळवूनच बसते, आणि मग सगळे म्हणतात, बघा, मुलींचा स्वभावच असा. बटलरांचं म्हणणं एवढंच, की लिंगभाव हा आतून उगवलेला स्वभाव नसून पुन्हा पुन्हा गिरवलेली कृती आहे. गिरवून गिरवून अक्षर आपलंच वाटायला लागतं. आणि ड्रॅग काय करतं? तेच अक्षर भलत्याच हाताने, सुबक गिरवून दाखवतं. नक्कल इतकी जमली, तर मग मूळ कुठे आहे, असा प्रश्न बघणाऱ्याला पडतो.

यातून एक गैरसमज झाला, जो बटलरांना स्वतःलाच पुढे खोडून काढावा लागला. रोज सकाळी कपाट उघडून ‘आज कुठलं लिंग घालू?’ असं ठरवता येतं, असा या मांडणीचा अर्थ नाही. ज्या मुलाला वर्गात ‘बायल्या’ म्हणून मारलं गेलं, त्याच्यासमोर कुठलंही कपाट उघडं नव्हतं.

कॅमेरा फार जवळ येतो

भारतीय सिनेमाची पहिली नायिका पुरुष होती. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना, कारण कुठलीही बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार नव्हती. शेवटी एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. म्हणजे सीतेसाठी व्याकूळ होणारा राम आणि रामासाठी झुरणारी सीता एकच देह. याला ड्रॅग म्हणता येणार नाही, ही निव्वळ गरज होती. पण ज्यांना वाटतं की हे सगळं परवा परवा परदेशातून आलं, त्यांनी साळुंक्यांचे फोटो जरूर पाहावेत.

रंगमंचावर जे खपून जातं ते पडद्यावर खपत नाही, हेही लवकरच कळलं. बालगंधर्वांनी १९३५मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली. मग १९३७मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते पडद्यावर बाई झाले. वय जवळजवळ पन्नास. जी रुक्मिणी दिव्यांच्या उजेडात, वीस हात अंतरावरून, सुरांच्या आधाराने घडायची, ती कॅमेऱ्याच्या भिंगापुढे घडेना. प्रेक्षक आणि नट यांच्यातलं अंतर हाही स्त्रीपार्टीचा एक दागिना होता, आणि कॅमेऱ्याने तो आधी काढून घेतला.

क्लोजअपला शिवण दिसतेच. मग ती दिसण्याचं करायचं काय, यावर क्वीअर सिनेमा उभा आहे.

आपल्याबद्दलचा सिनेमा आणि आपला सिनेमा यांत फरक असतो. पहिल्या प्रकारात समलिंगी किंवा बायकी पुरुष कॅमेऱ्याच्या समोर असतो, मागे कधी नसतो. हॉलिवुडमध्ये १९३४पासून १९६८पर्यंत एक आचारसंहिता चालली, तिच्यात बराच काळ समलैंगिकतेचा उल्लेखही निषिद्ध होता. मग दिग्दर्शक आडून बोलायला लागले. खलनायकाचा रुमाल जरा जास्तच नाजूक, त्याची मांजर जरा जास्तच लाडकी. लेकी बोले सुने लागे. ज्यांना कळायचं त्यांना कळायचं. क्वीअर प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या असे सूचक दृष्टिक्षेप वेचून स्वतःचा सिनेमा मनातल्या मनात जोडत राहिले. हिंदी सिनेमात एवढीही नजाकत नव्हती. तिथे मनगट मोडून चालणारा एक फॅशन डिझायनर आला की काम भागायचं.

मराठीत या विषयाला रंगभूमीने आधी हात घातला. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१मध्ये मंचावर आलं. त्यात बाईवर प्रेम करणारी मित्रा आहे, पण तिची गोष्ट सांगतो तिचा मित्र बापू. नाटक धाडसी होतं यात वाद नाही. तरी गोष्ट जिची, निवेदन तिचं नव्हतं, हे आज टोचतं. त्याच कथेवर रवी जाधव यांनी ‘मित्रा’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हेच जाधव २०१०च्या ‘नटरंग’चे आणि २०११च्या ‘बालगंधर्व’चे दिग्दर्शक. एका मुख्य प्रवाहातल्या मराठी दिग्दर्शकाने नाच्या, स्त्रीपार्टी आणि समलिंगी मुलगी यांच्यावर चित्रपट केले, याची घ्यावी तेवढी दखल घेतली गेली नाही.

‘नटरंग’वर माझी मात्र एक तक्रार आहे. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा फड चालावा म्हणून नाच्या होतो आणि गाव त्याचं जगणं हराम करतं. अतुल कुलकर्णींनी जीव ओतला आहे. पण चित्रपट सुरुवातीलाच आपल्याला गुणाचा पैलवानी देह दाखवतो, बायको दाखवतो, मूल दाखवतो. प्रेक्षकाला आधीच दिलासा: घाबरू नका, हा ‘तसला’ नाही. म्हणजे गॅदरिंगमधली तीच पावती. आणि जो खरोखर ‘तसला’ असतो, त्याच्यावर झालेला अत्याचार मग कमी अन्यायाचा ठरतो का, याकडे चित्रपट वळत नाही.

स्वतःचा कॅमेरा

१९९६मध्ये रियाद विंची वाडिया या मुंबईकर पारशी तरुणाने ‘बॉमगे’ नावाचा बारा-एक मिनिटांचा लघुपट केला. तेव्हा पुण्यात विद्यापीठात शिकवणारे कवी राज राव यांच्या इंग्रजी कवितांवर बेतलेला. हे वाडिया म्हणजे ‘हंटरवाली’ काढणाऱ्या वाडिया मूव्हिटोन घराण्यातले. त्यातली नायिका नाडिया तोंडावर मुखवटा, अंगात चड्डी-बूट, हातात चाबूक अशी १९३५मध्ये चालत्या घोड्यावर उडी मारायची. त्याच घरातून हा लघुपट यावा, हा योगायोग मला फार आवडतो.

मग २००३मध्ये श्रीधर रंगायन यांचा ‘गुलाबी आईना’ आला. मुंबईतल्या दोन ड्रॅग क्वीन्स, त्यांची भांडणं, त्यांचे टोमणे, एका देखण्या पुरुषावरून चाललेली चढाओढ. स्वस्तात केलेला, भडक, नाटकी, मनापासून केलेला. सेन्सॉर बोर्डाने प्रमाणपत्र नाकारलं. पुन्हा अर्ज केला, पुन्हा नकार. परदेशातल्या महोत्सवांत तो फिरत राहिला, मुंबईच्या साध्या थिएटरात लागू शकला नाही. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जिवंत होतं. ते २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सैल केलं, २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवळलं आणि ६ सप्टेंबर २०१८ला त्याच न्यायालयाने परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं कायमचं मोडीत काढलं.

इथे एक व्यवहाराची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. थिएटरात तिकीट लावून चित्रपट दाखवायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवंच. पण चित्रपट महोत्सवाला सरकारकडून त्यातून सूट मिळू शकते. म्हणून क्वीअर चित्रपटांसाठी महोत्सव हा मिरवण्याचा मांडव नसतो, बऱ्याचदा तो एकमेव पडदा असतो. रंगायन यांनी २०१०मध्ये मुंबईत ‘कशिश’ सुरू केला. मरीन लाइन्सजवळच्या लिबर्टीसारख्या भव्य जुन्या थिएटरात शेकडो माणसं एकत्र बसून आपल्यासारख्यांच्या गोष्टी बघतात. घरी मोबाइलवर, आवाज बंद करून, दाराकडे एक डोळा ठेवून बघण्याची सवय असलेल्या माणसाला हा अनुभव किती वेगळा वाटत असेल!

कॅमेरा कुणाचा, या प्रश्नाला पैशांचीही बाजू आहे. हार्लेमच्या त्या बॉलवर जेनी लिव्हिंग्स्टन यांनी ‘पॅरिस इज बर्निंग’ हा माहितीपट केला. त्याला १९९१मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात माहितीपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि तो चाललाही जोरात. लिव्हिंग्स्टन गोऱ्या, सुशिक्षित, स्वतः समलिंगी. पडद्यावरचे बहुतेक सगळे गरीब, कृष्णवर्णीय किंवा लॅटिन. चित्रपटाने पैसा मिळवल्यावर वाद पेटला, आणि शेवटी तेरा जणांत मिळून सुमारे ५५,००० डॉलर वाटले गेले. चित्रीकरण चालू असतानाच त्यातल्या व्हीनस एक्स्ट्राव्हगान्झा या मुलीचा खून झाला होता. चित्रपट अप्रतिम आहे आणि हा हिशेबही खरा आहे. तमाशापटांनी तमाशा कलावंतांना काय दिलं, हे जरा आठवून बघितलं तर हा वाद परका वाटणार नाही.

यंत्रं स्वस्त झाली तसा काही फरक पडला. २०१५चा ‘टँजरीन’ हा अमेरिकन चित्रपट आयफोनवर चित्रित झाला. मुख्य भूमिकांत पारलिंगी स्त्रियाच होत्या. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. आपल्याकडचे कितीतरी ड्रॅग कलाकार आधी इन्स्टाग्रामवर घडले, मग क्लबच्या स्टेजवर आले. तिथे ते जुन्या हिंदी गाण्यांवर ओठ हलवतात तेव्हा नवख्या प्रेक्षकालाही ते परकं वाटत नाही. पार्श्वगायनाच्या देशात ओठ एकीचे आणि आवाज दुसरीचा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो आहोत.

आणि २०२५मध्ये सनडान्सलाच रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जागतिक कथाचित्र विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्या महोत्सवात पोहोचलेला हा पहिला मराठी चित्रपट. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेले म्हणून सुतकाचे दहा दिवस गावी येतो. नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात. तिथे लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो, शेळ्या राखणारा, त्याच्याही मागे घरच्यांनी मुलींची स्थळं लावलेली. कानवडे मुंबईच्या वस्तीत वाढलेले. वडील गेल्यावर ते स्वतः असेच गावी गेले होते, आणि ‘या दहा दिवसांत आपला एखादा मित्र इथे असता तर?’ या विचारातून गोष्ट सुचली.

या चित्रपटात ड्रॅगचा एक धागा नाही. साडी नाही, चमकी नाही, मोठे संवाद नाहीत. कॅमेरा एका जागी बसून राहतो, ओसरीवर बसलेल्या वडीलधाऱ्यासारखा. दोन पुरुष झाडाखाली बसतात, एक दुसऱ्याला निवडुंगाचं बोंड काटे काढून खायला देतो. मी या लेखात इतका वेळ फुगवलेल्या भुवयांबद्दल लिहिलं आणि शेवटी या साध्या चेहऱ्यांपाशी आलो, ते एवढ्यासाठी, की हे दोघे एकाच अडचणीतून निघालेले दोन रस्ते वाटतात. क्वीन कपडा उलटा करून शिवण दाखवते. कानवडे आधीपासून उलटाच घातलेला कपडा दाखवतात आणि त्याबद्दल एक शब्दही काढत नाहीत. आनंदच्या आईला सगळं ठाऊक आहे, पण जाणारे-येणारे पाहुणे ‘मुलगी बघा आता याला’ म्हणतात, तेव्हा ती काहीबाही सांगून वेळ मारून नेते. पुरुषपणाचा प्रयोग तिथे आनंद करत नाही, भोवतालचं गाव करतं.

त्यात पार्श्वसंगीतही नाही. इथे हसा, इथे डोळे पुसा, असं खुणावणारी सतार नाही की बासरी नाही. सप्टेंबर २०२५मध्ये तो आपल्याकडच्या थिएटरांत लागला. ओसरीतल्या बायकांची कुजबुज, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, आणि मध्येच दोघांनी न बोलता घालवलेला बराचसा वेळ. पुढच्या रांगेतला कुणी चुळबुळतो, कुणी खाकरतो, पावती कुणीच फाडून देत नाही.